सामान्य मनुष्य, नग एक

शिंपीणबाईंच्या लेकीला भाषावर्गात प्रवेश मिळण्यात एकच किरकोळ अडचण होती: पोर स्वमग्न का आहे, हे शास्त्राला अजून पुरतं ठाऊक नव्हतं. नियम मात्र स्वच्छ होता. कारण कळल्याशिवाय वर्ग नाही, आणि वर्गाची यादी शुक्रवारी पाचला बंद.

म्हणून सोमवारी मायलेकी संशोधन संस्थेत हजर झाल्या. लेकीला घरात चिमणी म्हणत. सात वर्षांची, बोलायची मोजून नऊ शब्द, पण बटणं रंगवार लावण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. शिंपीण कात्री चालवताना गुणगुणायची,

‘चिमणीचे बोल माझ्या दोऱ्यात गुंतले,
सुईच्या गं नेढ्यातून एकेक निघाले.’

दहाव्या बोलासाठी तिने देव पाण्यात ठेवले होते.

शास्त्रज्ञ बाईंनी दोघींची लाळ नळीत घेतली. यंत्र दोन दिवस घरघरलं.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "कारण एक नाही. शेकडो जनुकं आहेत, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. तुमचं काही चुकलेलं नाही."

‘पोटुशी असताना मशीन चालवलंस, ती खडखड पोरीच्या डोक्यात गेली,’ हे सासूबाईंचं संशोधन सात वर्षं ऐकलेल्या शिंपिणीने पदराने डोळे टिपले आणि अहवाल घेऊन ती कारकुनाच्या खिडकीशी गेली.

"शेकडो?" कारकून म्हणाला. "रकान्यात ओळ एकच आहे."

"मग बारीक अक्षरात लिहा की, भाऊ."

"बारीक अक्षराला मंजुरी नाही."

त्याने परिपत्रक काढलं. कारण एका ओळीत मावत नसल्यास सामान्य मनुष्य, नग एक, सादर करावा. त्याच्याशी तुलना करून फरक तेवढा नोंदवावा. मनुष्य सामान्य आहे की नाही, हे ठरवायला प्रश्नावली होती आणि ‘बाद’ असा रबरी शिक्का होता.

शिंपिणीने शेजारचा घड्याळजी आणला. ‘एकाच गोष्टीत तासन्‌तास रमता का?’ बाद. शास्त्रज्ञ बाई स्वतः पुढे आल्या. ‘समोरचा कंटाळला तरी एकाच विषयावर बोलत राहता का?’ बाई यावर वीस मिनिटं बोलल्या. संचालकांना विचारलं, ‘नजरेला नजर देता का?’ त्यांनी छताकडे बघत ठामपणे होकार दिला. पहारेकरी प्रश्न संपेपर्यंत किल्ल्यांचा जुडगा बोटावर गरगर फिरवत होता. चिमणी मात्र प्रत्येक शिक्क्याला टाळी वाजवी.

"भाऊ," शिंपीण गुरुवारी म्हणाली, "वीस वर्षं मापं घेतेय. दोन्ही खांदे सारखे असलेलं गिऱ्हाईक अजून आलं नाही. म्हणून काय कोणाला उघडं पाठवलं मी? कपडा अंगावर बेततात हो, अंग कपड्यावर नाही."

"परिपत्रकात खांद्यांचा उल्लेख नाही."

शुक्रवारी साडेचारला माणसं संपली. उरला कारकून.

"तुम्हीच बसा आता," शिंपीण म्हणाली.

"बसतो. पण ही माझी खुर्ची नव्हे. माझी खिडकीजवळची. आणि चहा माझ्याच कपात हवा, कान उजवीकडे करून. आणि चहाआधी प्रश्न नकोत, कारण चहाआधी..."

चिमणी उठली. तिने टेबलावरचा शिक्का उचलला, कारकुनाच्या पांढऱ्याशुभ्र बाहीवर नीट, सरळ रेषेत उमटवला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"बाद."

दहावा शब्द. शिंपीण हसता हसता रडली, शास्त्रज्ञ बाई नाचल्या, संचालकांनी चुकून चिमणीच्या डोळ्यांत पाहिलं.

मग पाच वाजले. परिपत्रकाच्या तळाशी, मंजुरी नसलेल्या बारीक अक्षरात, आणखी एक कलम निघालं: यादीत नाव घालणारा व यादी बंद करणारा अधिकारी स्वतः सामान्य असावा. त्यामुळे यादी बंद झाली नाही, आणि तिच्यात नावही चढलं नाही. वर्गात बाकं पुसलेली आहेत, शिक्षिका रोज येऊन बसते, आणि चिमणी दाराशी अकरावा शब्द जिभेवर घेऊन उभी आहे.

तेव्हा आता सगळी मदार तुमच्यावर. तुम्ही तर सामान्यच, त्यात काय शंका. याल ना? फक्त आत येण्याआधी तो पाय हलवणं थांबवा, आणि परवापासून डोक्यात घोळणारी ती एकच ओळ बाहेर ठेवा.

शिक्का अजून चिमणीकडेच आहे.