लॅपटॉपला शिवलेला कोट

टेलर मास्तरांच्या घरात नवी वस्तू आली की आधी तिचं माप घेतलं जाई आणि मगच ती इतरांना वापरायला मिळे. मिक्सरला झालरीचा झगा होता, रिमोटला चेनची पिशवी होती आणि वजनकाट्याला चक्क कॉलर होती. कॉलर कशासाठी, हे विचारायचं धाडस घरात कोणाला झालं नव्हतं. त्यामुळे मुलीने नवा लॅपटॉप आणला तेव्हा मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप कोट घालून टेबलावर बसला होता. करड्या सुटिंगचा कोट, आत सॅटिनचं अस्तर, मध्ये कापसाचा थर आणि चार बटणं. स्क्रीन आणि कीबोर्ड तेवढे उघडे, बाकी सगळं अंग झाकलेलं.

"बाबा, हा काय मुलगी बघायला चाललाय?" मुलीने विचारलं.

"नवा आहे तो. ओरखडा पडला म्हणजे?" मास्तर म्हणाले. विषय तिथेच संपला.

लॅपटॉप घेतला होता तो एका खास कामासाठी. तयार कपड्यांच्या दुकानांनी मास्तरांची गिऱ्हाइकं पळवली होती आणि चार मशिनींपैकी तीन रिकाम्या बसून होत्या. आता एका शाळेला सहाशे गणवेश शिवून हवे होते. मुख्याध्यापिका बाई गुरुवारी दुपारी चार वाजता व्हिडिओवर नमुने बघणार होत्या. काम मिळालं तर ठीक, नाहीतर दुकानाला कुलूप. मास्तर हे तोंडाने बोलले नव्हते, पण मशिनींना तेल घालताना ते हल्ली त्यांची समजूत काढत, त्यावरून घरात सगळ्यांना कळून चुकलं होतं.

गुरुवारी दुपारी बारा वाजता लॅपटॉप अडखळायला लागला. स्क्रीनवरचा बाण एकदा सरके आणि दोनदा विचार करी. मुलीने गणवेशाचा फोटो उघडला तर आधी बाह्या आल्या, बऱ्याच वेळाने धड आलं. आतला पंखा तर जिना चढून आल्यासारखा धापा टाकत होता.

मग मास्तरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, आपल्या भावाला बोलावलं. मामांचं एकेकाळी रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे वायर असलेल्या प्रत्येक गोष्टीवर ते आपला हक्क सांगत.

"पोट भरलंय त्याचं," मामांनी निदान केलं. "फालतू फायली काढून टाकू."

त्यांनी फालतू समजून पहिल्या फटक्यात गणवेशांचेच सगळे फोटो उडवले. मुलीने ते कचऱ्याच्या डब्यातून शोधून परत आणले, त्यात एक तास गेला. तोवर मामांनी लॅपटॉपचा वेग वाढवणारे तीन प्रोग्रॅम घातले. ते तिघे एकमेकांना पकडत बसले आणि लॅपटॉप जवळजवळ थांबला.

"मामा, तुम्ही जरा चहा घ्या ना," मुलगी दात आवळून म्हणाली.

"अहो, कडक टेबलावर ठेवलाय म्हणून असेल," असं म्हणत काकूंनी लॅपटॉपखाली उशी सरकवली. पंख्याचा आवाज आता गळा दाबल्यासारखा येऊ लागला.

साडेतीनला मुलीने विक्रेत्याच्या मदत केंद्राला फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडून प्रश्न आला, "मॅडम, हवा खेळती आहे का?"

मुलगी काही बोलायच्या आत मास्तरांनी दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. टेबलावर मांडलेले कापडाचे नमुने उडाले आणि घरभर पसरले. चौघे गुडघ्यांवर बसून चिंध्या गोळा करत असतानाच चार वाजले आणि स्क्रीनवर मुख्याध्यापिका बाई उगवल्या.

"नम... नम... स्का..." बाई म्हणाल्या आणि एक डोळा मिटलेल्या अवस्थेत गोठल्या.

मास्तरांचा चेहरा पडला. "गेलं काम," ते पुटपुटले. त्यांचा तो आवाज ऐकून मुलगी ताडकन उठली. तिने लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि कोटात बोटं जाताच किंचाळली.

"आई गं! भाजलं! बाबा, हा उकडतोय आत! भर दुपारी याला कापसाचा कोट घातलाय तुम्ही!"

तिने चारही बटणं काढून कोट ओढून काढला, मास्तरांच्या हातात कोंबला आणि उशी मामांकडे भिरकावली. पाचेक मिनिटांत धापा थांबल्या. बाईंनी मिटलेला डोळा उघडला आणि त्या घडाघडा बोलू लागल्या.

"दिसतंय का आता? मास्तर, तुमच्या हातात काय आहे ते?"

मास्तर कोट पाठीमागे लपवू लागले.

"लपवू नका हो. फिरवून दाखवा. ती काजं हातची आहेत?"

"हातचीच," मास्तर ओशाळून म्हणाले.

"आणि अस्तराला एक सुरकुती नाही! आमच्या मुलांचे गणवेश दोन महिन्यांत उसवतात हो. सहाशेच्या सहाशे तुम्हीच शिवा. आणि शाळेच्या तीस लॅपटॉपना असेच कोटही पाहिजेत."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. मास्तर तर हसावं की रडावं या विचारात कोटाचं बटण लावत-काढत बसले. पण मुलीला राहवेना.

"बाई, खरं सांगू का? या कोटामुळेच मघाशी तुम्ही अडकला होतात. लॅपटॉपचा श्वास कोंडतो."

मामांनी उशीत तोंड खुपसलं. मास्तरांनी मात्र टेप गळ्यात टाकली आणि ते पुढे सरसावले.

"कोट नकोच, बाई. बिनबाह्यांचं जाकीट देतो. सुती, पाठ उघडी, पोटाला जाळी. एकच विनंती आहे. ट्रायलशिवाय मी कपडा देत नाही."

"मग सोमवारी पाठवते," बाई म्हणाल्या.

सोमवारी शाळेचा शिपाई लॅपटॉप छातीशी धरून दुकानात हजर झाला. चारही मशिनी खडखडत होत्या. मास्तरांनी टेप उलगडली, लॅपटॉपभोवती गुंडाळली आणि जन्मभराच्या सवयीने म्हणाले, "हं, आता मोठा श्वास घ्या."

शिपायाने छाती फुगवली.

"तुम्ही नव्हे," मास्तर म्हणाले.