सहाव्या रुमालाची हकीकत

श्री वायुदेव साक्ष. शके एकोणीसशे दोन, रौद्रनाम संवत्सरी, एका राज्यात विमाने फार पडो लागली, त्याची हकीकत घडली तैसी येथे मांडिली आहे. राजेसाहेबांनी हुकूम फर्माविला की पडण्याची कारणे निवडावी आणि कागद पाच रुमालांत बांधून ठेवावे: चालकाची चूक, यंत्राची, आभाळाची, पाखरांची आणि पाचवा अज्ञात. दफ्तरावर सटवोजी लोहार यांस नेमिले. सटवोजींनी उभी हयात विमानांचे पत्रे ठोकिले आणि पन्नाशीत अक्षर शिकले, शिकविणारे चालक रायाजी, ते विमानाच्या पंखावर खडूने गिरवून घेत आणि म्हणत, "काका, हात हातोड्याचा तुमचा, क सुद्धा ठेचून काढता." मग वर्षभरात चालकाचा रुमाल उशीएवढा फुगला आणि बाकीचे चपटे राहिले, कारण यंत्रास बोल लाविला तर कारखानदार रुसत, आभाळास लाविला तर राजज्योतिषी रुसत, आणि मेला चालक रुसत नसे.

मग मार्गशीर्षात रायाजींचे विमान पडले आणि रायाजी कामास आले. उडण्यापूर्वी त्यांनी सटवोजींच्या हाती चिठी दिली होती: "शेपटीची बिजागरी ढिली. उडत नाही म्हणालो. दिवाणसाहेबांचा हुकूम की राजेसाहेबांच्या वाढदिवसाची फुले वरून उधळावयाचीच." ती चिठी घेऊन सटवोजी दिवाणांपुढे उभे राहिले. दिवाण पानास चुना लावीत होते.

"चालकाच्या रुमालात घाला."

"चालकाची चूक कोणती, सरकार?"

"उडाला, ही."

"उडाला तो आपल्या हुकमाने."

"हुकमाचा रुमाल दफ्तरी आहे काय?"

"नाही."

"मग हुकमाने विमान पडत नाही. लोहारा, दोन अक्षरे आली म्हणून शहाणपण शिकवू नकोस."

तेव्हां सटवोजींनी डोईचे पागोटे सोडिले, भर कचेरीत पसरिले आणि चिठी आत ठेवून गाठ मारिली आणि वर खडूने लिहिले: हुकमाची चूक. दिवाण वाकून पाहते जाहाले आणि हसले. "अक्षर फार वाईट आहे."

"शिकविणारा आपण मारिला, सरकार. वळण लागावयाचे राहून गेले."

मग सटवोजींस बोडक्या डोईने कचेरीबाहेर काढिले आणि चिठी शेगडीत घातली आणि रायाजींचे नाव चालकाच्या चुकीत लिहिले. तो रुमाल इतका फुगला की गाठ बसेना, म्हणून खडू झटकून सटवोजींच्याच पागोट्यात तो बांधिला.

सारांश, त्या राज्यात विमाने अद्याप पडतात आणि कारणे पाचच आहेत. सटवोजी बोडकेच हिंडतात. कोणी पुसिले तर म्हणतात, "पागोटे रायाजीपाशी आहे."