बस म्हणजे काय

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत सकाळी नळाला पाणी येईल की नाही सांगता येत नाही, पण पार्किंगमधून घोषणा येणारच. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. नाक पुसल्याशिवाय कुणीही आत येऊ नये." प्रवासी म्हणजे समोरच्या बांधकामावरच्या मजुरांची पोरं, आणि घोषणा करणारे आमचे शेजारी निकमकाका. उभा जन्म बसस्टँडवर कंट्रोलर म्हणून काढला. माइक हातातून गेला, गळ्यातून काही गेला नाही.

आया विटा वाहतात आणि पोरं वाळूच्या ढिगावर लोळतात, हे बघून काकांनी आपल्या पार्किंगच्या जागेत पाळणाघर उघडलं. फी विचारली की म्हणायचे, "जमेल तसं दे. पास काढलाय समज." सोसायटीच्या पोटात लगेच दुखायला लागलं. मजुरांनी बांधलेली घरं आम्हाला चालतात, त्यांची पोरं चालत नाहीत. तक्रार घेऊन गेलेल्या सेक्रेटरींना काकांनी "विनाकारण फलाटावर थांबू नये" म्हणून परत पाठवलं.

हट्टी तर इतके की निवृत्त झाल्यापासून बसमध्ये पाय ठेवला नाही. "आता कुणाच्या वेळापत्रकावर चालायचं नाही," म्हणत भर उन्हात पायी निघायचे आणि येताना आमच्या गाड्यांना हात करायचे.

पाळणाघरात मुनिया नावाची एक बिहारची पोरगी होती. ती उभ्यानेच जेवायची. काका डाफरायचे, "बस. बस म्हणतो ना." की ही ताट सोडून हात धुवायला पळायची. "लय हट्टी पोरगी," असं ते सगळीकडे सांगत फिरले. काय हा मान, हट्टीपणाचं सर्टिफिकेट निकमकाकांनी द्यावं.

एके दिवशी तिची आई भीतभीत म्हणाली, "काका, मुनिया भूखी आती है. बोलती है, काका बस बोलके खाना बंद कराते हैं."

काका खाली बसले. त्यांचं बस म्हणजे बसून घे, तिचं बस म्हणजे पुरे. पोर इतके दिवस अर्धपोटी राहिली होती. तेव्हापासून ते "बैठ" म्हणायला लागले आणि तिला स्वतः भरवू लागले.

बिल्डिंग पूर्ण झाली. बाकीचे मजूर आपापल्या गावी गेले, मुनियाच्या आईला गंगापूर रोडला काम मिळालं. तिथे पाळणाघर नाही, म्हणजे पुन्हा वाळूचा ढीग. ती मुनियाला न्यायला आली तेव्हा काकांना एकही घोषणा सुचेना. हळूच एवढंच म्हणाले, "बस."

आईला वाटलं, पुरे झालं म्हणतात. तिने पोरीचा हात धरला. पण मुनियाला एव्हाना मराठी कळत होतं. तिने हात सोडवला आणि मांडी घालून खाली बसली.

"काका, रोज इतनी दूर से इसको कौन लाएगा?"

"मैं लाएगा ना."

"कैसे?"

काकांनी घसा खाकरला. "बस से."

काकू गेल्यापासून काका रिकाम्या घरातही घोषणा द्यायचे. भिंतीपलीकडून ऐकून आम्ही हसायचो, आणि हसताना काही वाटायचंही नाही. परवा मी गंगापूर रोडहून येणाऱ्या बसमध्ये चढलो, तर खिडकीशी काका. मी हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मुनिया त्यांच्या मांडीवर झोपली होती.