नऊ वेळा धुतलेलं चित्र

पाटणकरांनी माझी आई नऊ वेळा धुतली. सोडा घातलेल्या गरम पाण्यात, चाळीच्या नळावर, सगळ्यांदेखत. हे मी रागाने सांगतोय आणि तो राग अजून गेलेला नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो की माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मी त्याला तेव्हाच सरळ केला असता.

स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली होती. पिंपरीच्या माळावर एकेक कारखाना उभा राहत होता. परदेशातून यंत्रं ज्या खोक्यांतून येत, ती खोकी मी विकत घ्यायचो आणि त्यांच्या फळ्यांची कपाटं, पाट, खिडक्या करून विकायचो. चिंचवड स्टेशनजवळ माझी वखार, वखारीमागे चाळ आणि चाळीत माझ्या भिंतीला भिंत लावून पाटणकर. ते एका कारखान्यात यंत्राच्या भागांचे नकाशे काढायला होते.

हे नकाशे ते कापडावर काढत. निळसर, कडक, कागदासारखं गुळगुळीत कापड. गरम पाण्याने त्याची खळ उतरवली की आतून मऊ मलमल निघते. बिघडलेले तुकडे घरी न्यायला साहेबाची परवानगी होती आणि पाटणकरांचे फार बिघडत. खरं म्हणजे बिघडत नसत, त्यांना तसं वाटे. "नाही बसलं," असं म्हणून ते चष्मा कपाळावर ढकलत. भाजीत मीठ कमी पडलं तरी "नाही बसलं" आणि चाळीत कुणाचं लग्न मोडलं तरी "नाही बसलं". दिवाळीत त्यांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, काढलेली रांगोळी ते सकाळी पुसत आणि पट्टी घेऊन स्वतः बसत. दुपारपर्यंत त्यांच्या दारात रांगोळी नसे, फक्त पाटणकर असत.

धुतलेल्या मलमलीची वहिनी झबली शिवून चाळीतल्या तान्ह्या पोरांना देत. त्यांना स्वतःला मूल नव्हतं.

आता माझं सांगतो. माझ्या आईचा फोटो नाही. दापोडीला ती रेल्वेच्या कामगारांना भाकऱ्या करून घाली, त्यावर मी वाढलो. ती गेली तेव्हा माझ्याजवळ अंगावरचा सदरा होता, फोटो कुठला. पुढे मामाही वारला आणि माझ्या लक्षात आलं, तिचा चेहरा माहीत असलेला माणूस आता जगात मी एकटा उरलो. आणि मलासुद्धा तो पटकन आठवेनासा झाला होता. गादीच्या वर, जिथे लोक वाडवडिलांचे फोटो लावतात, तिथे माझ्याकडे नुसता खिळा होता.

म्हणून मी पाटणकरांशी सौदा केला. मी आई सांगायची, त्यांनी काढायची, बदल्यात कपाट. त्यांनी चार कप्प्यांचं मागितलं, मी तिनावर आणलं. कपाट आगाऊ देऊन टाकलं. आयुष्यात मी आगाऊ दिलेली ती एकच वस्तू.

पहिलं चित्र आलं. कापडावर तीन बायका.

"हे काय?"

"समोरून, बाजूने आणि वरून."

"अहो, आईला वरून कोण बघतं?"

"पद्धत आहे, शेठ. त्याशिवाय वस्तूचा अंदाज येत नाही."

अंबाडा त्यांनी कंपासने काढला होता.

मग दर रविवारी चौकशी. कपाळ किती बोटं? हनुवटी गोल की चौकोनी? मी वैतागून म्हणायचो, "आई होती ती, फळी नव्हे." पण खोटं का बोला, माणसाच्या हातात कसब होतं. तिसरं चित्र बघून माझ्या अंगावर काटा आला.

"हीच. द्या इकडे."

पाटणकरांनी चष्मा वर ढकलला. "डावा डोळा अर्धं सूत खाली गेलाय."

"असू दे. माझ्या आईचा आहे, मला चालतो."

"मला नाही चालत."

सोमवारी आई दोरीवर वाळत होती.

असं वर्ष-दीड वर्ष चाललं. शाई पुरती निघत नसे. चाळीतल्या तीन पोरांच्या पाठीवर माझ्या आईची फिकट नाकं रांगत होती. नववं चित्र बादलीत गेलं तेव्हा मी नळावर जाऊन ओरडलो. "पाटणकर, तुम्ही कापड धुताय आणि इथे माझ्या डोक्यातली आई पुसली जातेय. डोळे मिटले की मला तुमचीच चित्रं दिसतात आता. खरी कुठली ते सांगता येत नाही मला."

हे खरं होतं. आजही खरं आहे.

पाटणकर बादली धरून उभे राहिले. "म्हणूनच तर, शेठ. चुकीची मागे राहायला नको."

मी त्यांचं मनगट धरलं आणि वखारीत ओढत नेलं. चित्र कसं उरकायचं ते दाखवतो म्हणालो. सुताराची जाड पेन्सिल घेतली, एक फळी पुढ्यात ओढली. चेहरा काढायची हिंमत होईना, म्हणून पाठ काढली. लहानपणी मी तिच्या मागेच बसायचो. चुलीसमोर वाकलेली पाठ, थापणारा हात, मानेवर सुटलेला अंबाडा. रागात पेन्सिल इतकी दाबली की मऊ लाकडात खाचा पडल्या. पण हळूहळू राग कुठे गेला ते कळलं नाही. एक गिऱ्हाईक येऊन, उभं राहून, निघून गेलं म्हणे. माझ्या दारातून गिऱ्हाईक असं कधी गेलेलं नाही. कोपर गुडघ्याखाली पोचलं, भाकरी बैलगाडीच्या चाकाएवढी झाली आणि मला हसू येत होतं.

मी "नाही बसलं"ची वाट बघत थांबलो.

"कोपर लांब झालंय," पाटणकर म्हणाले.

"माहीत आहे. काढताना बरं वाटत होतं, म्हणून लांबलं."

"काढताना बरं वाटतं?" दूरच्या मुलखातली रीत विचारावी तसं त्यांनी विचारलं. मग फळीकडे बघत म्हणाले, "मला कधी वाटलं नाही. पहिल्यापासून रेघ ओढली की आधी तिची चूकच दिसते."

मी पेन्सिल त्यांच्या हातात कोंबली. "काढा. लाकूड आहे, धुता येणार नाही."

त्यांनी पेन्सिलला सुईसारखं टोक केलं. टोक फळीवर टेकवलं. ते तिथेच राहिलं. मग त्यांनी पेन्सिल अलगद खाली ठेवली.

पुढे ते दर रविवारी वखारीत येऊन बसत. मी आईच्या वाकड्यातिकड्या पाठी काढायचो, ते बघायचे. त्या फळ्यांचे मी नंतर पाट करायला द्यायचो. लाकूड अडकवून ठेवणं मला परवडत नाही. गादीच्या वरचा खिळा तसाच राहिला.

तीन वर्षांनी पाटणकरांचे डोळे गेले. काचबिंदू. नोकरी सुटली, कोकणात भावाकडे जायचं ठरलं. सामान बांधून झालं तेव्हा मी निरोपाला गेलो. मनात होतं, निदान एकदा तरी म्हणावं, माझी आई बुडवलीत तुम्ही.

पाटणकर जमिनीवर बसले होते. मांडीवर पाट, उलटा. माझा.

"तुमच्या सुताराकडून आणला होता," वहिनी म्हणाल्या. "ह्यावर कुणाला बसू देत नाहीत."

त्यांचं बोट मी दाबून पाडलेल्या खाचेतून हळूहळू फिरत होतं. पाठीवरून खांद्यावर, खांद्यावरून खाली.

"शेठ, कोपर लांबच आहे."

"असू दे की."

"हो," ते म्हणाले. "असू दे."

बोट पाटाच्या कडेला आलं, उतरलं आणि शहाबादी फरशीवर तसंच पुढे निघालं. वहिनींनी मला गप्प राहायची खूण केली. बोट थांबत नव्हतं. मागे येत नव्हतं. पाटणकरांचं तोंड किंचित उघडं पडलं होतं.

"कुणाला काढताय?" मी विचारलं.

"ठाऊक नाही. जातंय तिकडे जातंय."

"बरं वाटतंय?"

बोट अंबाड्यासारखा काहीसा वळसा घेऊन गेलं. कंपास लागला नाही. मी वाकून बघितलं. फरशीवर काहीच नव्हतं, धुवायलासुद्धा नाही. भांडायला जागाच उरली नव्हती.