कूमनं बसवलेला अँटिव्हायरस

कूमनं बसवलेला अँटिव्हायरस काढून टाकावा, असं नुसतं मनात येणं हेसुद्धा पाप आहे, हे स्वेतोझारला ठाऊक होतं. तरी गुरुवारी सकाळपासून त्याच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. समोर कॉम्प्युटर सुरू होत होता. त्याच्या बायकोनं, देसांकानं, तेवढ्यात ऐवारच्या चटणीसाठी परातभर लाल मिरच्या भाजल्या, सोलल्या, बिया काढल्या आणि हात पुसत येऊन विचारलं, "झाला सुरू?"

"होतोय."

"काल पण होतच होता."

रविवारी दुपारी परदेशातून, ग्राझहून, मुलाचा, नेबोयशाचा, व्हिडिओ कॉल यायचा होता. त्याला मुलगा झाला होता. स्वेतोझारचा पहिला नातू. नातवाचं तोंड बघायचं होतंच, पण त्याहून मोठं काम होतं नावाचं. त्यांच्या घराण्यात नाव आईबाप ठेवत नाहीत, आजोबा तर नाहीच नाही. नाव ठेवतो कूम. स्वेतोझारच्या लग्नात साक्षीला उभा राहिला तो कूम रादिसाव, रादिसावचा बाप उभा राहिला होता स्वेतोझारच्या बापाच्या लग्नात. हे नातं जमिनीसारखं पिढ्यान्‌पिढ्या उतरत येतं; फरक इतकाच की जमीन विकता येते. बाप्तिस्मा उन्हाळ्यात, सगळे इथं घरी, क्रालेवोला, आल्यावर व्हायचा होता, पण ग्राझच्या कचेरीला कागदावर नाव सोमवारीच हवं होतं. म्हणून रादिसाव रविवारी इथं येऊन, कॅमेऱ्यासमोर बसून नाव उच्चारणार होता. आणि कूमनं एकदा उच्चारलं की झालं. आकाशात देव, जमिनीवर कूम, असं म्हणतात. पण देवाला निदान पुन्हा विनवता येतं.

स्वेतोझारला नाव हवं होतं विदोये, त्याच्या वडिलांचं. हे कूमला सरळ सांगायची रीत नाही. सुचवता मात्र येतं. सुचवणं म्हणजे त्याच्यासमोर विदोयेंच्या गोष्टी काढायच्या आणि त्याचा राकिया दारूचा पेला कोरडा पडू द्यायचा नाही. सून गरोदर असल्याचं कळलं तेव्हापासून स्वेतोझार हे नेमानं करत आला होता. खातं चांगलं जमेत होतं. अशा वेळी कूमला दुखवणं म्हणजे पिकल्या प्लमच्या झाडावर कुऱ्हाड.

सुरुवात झाली ती देसांकाच्या गुडघ्यांपासून. गुडघेदुखीवर कोबीची पानं कशी बांधावी ते शोधताना तिनं कुठंतरी बोट दाबलं आणि पडद्यावर तोकड्या कपड्यांतल्या बायका यायला लागल्या. त्यांच्यातल्या एकीचेही गुडघे दुखत असावेत असं दिसत नव्हतं. स्वेतोझारनं ही तक्रार चारचौघांत करायला नको होती. त्यानं ती केली, आणि दुसऱ्याच दिवशी रादिसाव खिशात पेनड्राइव्ह घालून दारात उभा.

"ऊठ. मी बसतो," तो म्हणाला.

रादिसावचा जन्म सीमेवरच्या जकात नाक्यावर गेला होता, आणि त्यानं आणलेला अँटिव्हायरसही थेट त्याच्याच वळणावर गेला होता. प्रत्येक फाइल अडवायची, उघडायला लावायची, वरपासून खालपर्यंत न्याहाळायची आणि काही सापडलं नाही की खट्टू व्हायचं. बायका गेल्या, हे खरं. पण त्यांच्याबरोबर हवामान गेलं, वर्तमानपत्र गेलं आणि देसांकाचा पत्त्यांचा डावही गेला.

"कूम, जरा हळू चालतोय रे," स्वेतोझारनं भीत भीत सांगितलं.

"हळू चालतो म्हणजे काम करतोय. माझ्या नाक्यावर रांग नसली की मला झोप लागत नसे." रादिसावनं घड्याळाशेजारचं ढालीचं छोटं चित्र बोटानं दाखवलं. "हे हिरवं आहे ना? मग निवांत जेव."

तिथून पुढं तो कॉफीला आला की आधी आत जाऊन ढाल हिरवी आहे का ते बघून यायचा, मग टोपी काढायचा.

बुधवारी आला साडू ल्युबोमिर, देसांकाच्या बहिणीचा नवरा. वीज कंपनीतून निवृत्त झालेला. जगातल्या यच्चयावत वस्तू आपल्याला न विचारता बनवल्या गेल्या, हा त्याचा जुना सल होता. त्यानं पडद्याकडे बघितलं आणि जीभ चुकचुकवली.

"हा कुणी घातला?"

"रादिसावनं."

"वाटलंच. हा अँटिव्हायरस नव्हे, संप आहे. सरक तिकडे."

"कूमचा काढू नकोस हं. हात जोडतो," स्वेतोझार म्हणाला.

"नाही काढत. त्याच्या शेजारी माझा ठेवतो. दोघांत कोण कामाचा ते तुलाच दिसेल." त्यानं आपला अँटिव्हायरस बसवला, वर पासवर्ड घातला. "म्हणजे कुणी नाक खुपसायला नको," असं म्हणून निघतानाच त्यानं ऐवारची एक बरणी काखेत मारली.

ल्युबोमिरच्या अँटिव्हायरसनं घरात पाऊल टाकताच पहिला चोर पकडला. तो होता रादिसावचा अँटिव्हायरस. रादिसावच्यानं त्याच क्षणी ल्युबोमिरच्याला कोठडीत टाकलं. मग दोघंही कोठडीतून एकमेकांविरुद्ध फिर्यादी पाठवू लागले आणि फिर्यादी वाचण्याचं काम आलं स्वेतोझारवर. एक विचारी, "धोकादायक प्रोग्रॅम सापडला आहे, नष्ट करू?" त्यानं घाबरून 'नको' दाबलं की दुसरा तेच विचारी. एवढ्या हातघाईतही एका बाबतीत दोघांचं एकमत होतं: कॅमेरा कुणालाही वापरू द्यायचा नाही.

शुक्रवारी त्यानं रादिसावच्या अँटिव्हायरसच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडची बाई गोड बोलली.

"काका, तुमच्याकडे दुसराही आहे ना? एका कॉम्प्युटरवर दोन चालत नाहीत. एक काढावा लागेल."

"दुसऱ्याला पासवर्ड आहे. साडूचा."

"मग साडूंना सांगा."

"सांगितलं. तो म्हणतो, आधी त्या जकातवाल्याचा काढ."

"मग आमचा काढा की. मला तसं सांगता येत नाही खरं तर, पण दोन दिवसांपुरता काढा."

"तुमचा कूमनं बसवलाय."

बाई लेस्कोवाकची, म्हणजे कूमचं वजन जाणणारी, होती हे नंतर कळलं. "कूमनं?" तिनं हळूच विचारलं. "स्वतः? हातानं?"

"हातानं. आणि रविवारी तो नातवाचं नाव ठेवायचाय."

"देव तुमच्या पाठीशी असो, काका," बाई म्हणाली आणि तिनं फोन अगदी अलगद ठेवला, मयताच्या घरातून दार लोटून घेतात तसा.

शनिवारी दुपारपर्यंत स्वेतोझारनं जेवण टाकलं होतं. रविवारी कॅमेरा चालला नाही तर कूम कुणासमोर बोलणार? चालावा म्हणून काढला, तर कूम बोलणार काय? शेवटी देसांकाच त्याच्याशेजारी येऊन बसली.

"काढ."

"वेड लागलंय तुला."

"काढ, पण ढाल राहू दे. नुसतं चित्र. कूम काय बघतो? ढाल हिरवी आहे का, एवढंच ना? ढाल हिरवी, कूम निवांत."

स्वेतोझारनं तिच्याकडे बघितलं. इतकी वर्षं संसार करून बायकोत एवढी लबाडी होती हे आपल्याला कळू नये, याचं त्याला थोडं वाईट वाटलं आणि मग भीती वाटली. पण त्यानं काढला. ढालीचं चित्र घड्याळाजवळ, जमेल तितकं खाली, नेऊन चिकटवलं. भांडायला कुणी न उरल्यानं साडूच्यानं कॅमेराही मोकळा सोडला, आणि कॉम्प्युटर असा धावायला लागला की स्वेतोझारला त्याचीच शरम वाटली.

रविवारी रादिसाव कोट घालून आला. बूट दाराशी काढले, देसांकानं पुढं केलेलं चमचाभर गोड तोंडात घातलं, वर पाणी घेतलं. आत गेला, ढाल बघितली, टोपी काढली. स्वेतोझारच्या पाठीवरचा घाम तेव्हा कुठं थांबला. कोकराचं मटण झालं, पहिला पेला झाला, विदोयेंची एक गोष्ट झाली, आणि रादिसाव आपण होऊन म्हणाला, "माणूस होता तुझा बाप." स्वेतोझारनं टेबलाखाली देसांकाचा हात दाबला.

कॉल लागला. पडद्यावर नेबोयशा, सून मिलित्सा आणि मधे दुपट्यातलं एक लालबुंद गाठोडं. देसांका रडायला लागली. गाठोड्यानं जांभई दिली.

"एक मिनिट," रादिसाव म्हणाला. "पोराला आधी कळू दे, त्याच्या आजोबाचं घर कोण राखतंय ते." आणि अभिमानानं त्यानं ढालीवर बोट दाबलं.

काही झालं नाही. त्यानं पुन्हा दाबलं, मग लागोपाठ दाबत राहिला. ढालीनं सांगितलं, प्रोग्रॅम सापडत नाही. आणि एवढी दाबादाबी बघून कोपऱ्यातून दुसराच कुणीतरी जागा झाला: संशयास्पद हालचाल, सर्व काही थांबवून तपासणी सुरू.

"काढलास," रादिसाव म्हणाला.

"कूम, चालतच नव्हता रे तो."

"आणि हा कुणाचा?"

देसांकानं टेबलावरच्या रुमालात तोंड लपवलं.

"ल्युबोमिरचा," रादिसावनंच उत्तर दिलं. तो उठला, कोटाची बटणं लावली आणि नाक्यावर एखाद्याचा माल जप्त करताना उभा राहायचा तसा कॅमेऱ्यासमोर ताठ उभा राहिला. "पोराचं नाव ल्युबोमिर. या घरात त्याचाच शब्द चालतो, तर नावही त्याचंच चालू दे." आणि बूट घालायला तो बाहेर गेला.

पडद्यावर नातू जांभईतच थिजला होता. मग खरखरत नेबोयशाचा आवाज आला. "बाबा? आवाज गेला होता तुमचा. कूमकाका काहीतरी बोलले एवढंच दिसलं. काय नाव ठेवलं?"

देसांकानं रुमाल खाली केला. तिनं नवऱ्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग पुन्हा नवऱ्याकडे. ओठ न हलवता ती म्हणाली, "विदोये म्हण. कोण ऐकतंय."

स्वेतोझारनं तोंड उघडलं. विदोये हे नाव जिभेच्या टोकावर होतं. पण त्याच्यापाठोपाठ खुद्द विदोयेही आले, मिशा आणि पट्ट्यासकट. कूमचा शब्द फिरवून आपलं नाव पुढं चालवलेलं त्यांना कळलं असतं, तर त्यांनी थडग्यातून उठून पट्टा सोडला असता.

"ल्युबोमिर," स्वेतोझार म्हणाला.

"मावशीच्या नवऱ्याचं?"

"कूमनं सांगितलंय."

"बरं." मागून हुंदका ऐकू आला. "मिलित्सा रडतेय."

"आनंदानं?"

"नाही," नेबोयशा म्हणाला आणि कॉल तुटला. चित्र मात्र तसंच राहिलं.

दारात रादिसाव उभा होता, एक बूट पायात, एक हातात. "सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं."

"गाढवा, त्यांना ऐकू गेलं नव्हतं ना? मग मला हाक मारायची. तोवर माझा राग अर्धा उतरला होता. नाडी बांधेपर्यंत पूर्ण उतरला असता." तो खुर्चीत बसला. "मी विदोयेच म्हणणार होतो रे. घरून ठरवून आलो होतो."

"मग आता म्हण."

"आता कसं म्हणू? कूमचा शब्द आहे."

"कूम तूच आहेस ना?"

"म्हणूनच तर."

देसांकानं दोघांचे पेले भरले. ते रिकामे व्हायच्या आत जिन्यावर पावलं वाजली. ग्राझहून बातमी बहिणीमार्फत पोचली होती. ल्युबोमिर आत आला, डोळे पुसत, काखेत बाटली. आजवर कुणी कुत्र्यालाही त्याचं नाव दिलं नव्हतं. त्यानं रादिसावला मिठी मारली, दोन्ही गालांचे मुके घेतले आणि वर पुन्हा एका गालाचा.

"तुझा पेनड्राइव्ह दे," तो गहिवरून म्हणाला. "तुझा अँटिव्हायरस मी माझ्या हातानं परत बसवतो. दोन्ही राहू देत. माझ्या नातवाच्या घरात भेदभाव नको."

रादिसावनं खिशात हात घातला. तो पेनड्राइव्ह घेऊनच हिंडायचा. दोघं मांडीला मांडी लावून कॉम्प्युटरसमोर बसले. "आधी बंद करून सुरू करावा लागेल," ल्युबोमिर म्हणाला.

"थांबा जरा," स्वेतोझार म्हणाला.

तिघंही पडद्याकडे बघत राहिले. पोराची जांभई अजून पुरी झाली नव्हती.

"नाक मात्र विदोयेचं आहे," रादिसाव म्हणाला.

"आहे," ल्युबोमिर उदारपणे म्हणाला, आणि त्यानं बटण दाबलं.