भानुदास आप्पा नवी आवृत्ती काढतात

एंटरचं बटण दाबण्याआधी भानुदास आप्पा चपला काढतात. मग डोळे मिटतात, बटण दाबतात आणि डोळे मिटलेलेच ठेवून शेजारच्याला विचारतात, "काय म्हणतंय?" शेजारचा बहुतेक वेळा मी असतो. त्या पडद्यावरचं मला ओ की ठो कळत नाही. लाल काही दिसलं नाही की मी "ठीक आहे" म्हणतो आणि आप्पा चपला घालतात.

कारेगावच्या एका कारखान्यात मी स्टोअरला आहे, आप्पा कॉम्प्युटर विभागात. राहायला दोघंही तळेगाव ढमढेऱ्यात, भिंतीला भिंत. वहिनी गेल्यापासून त्यांच्या घरात ते एकटेच. आमच्या साहेबांच्या प्रत्येक भाषणात 'डिजिटल परिवर्तन' असतं. ते परिवर्तन अडकलं की आप्पांना बोलावणं येतं.

पण आप्पांची भीती कारखान्याची नाही. सात वर्षांपूर्वी त्यांनी हौसेनं एक लायब्ररी लिहून इंटरनेटवर फुकट ठेवली. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. दुसऱ्या कुणी आपल्या प्रोग्राममध्ये आयता जोडून घ्यावा असा कोड. आप्पांची लायब्ररी सेटची.

"पोतं समजा," त्यांनी मला सांगितलं होतं. "कितीबी नावं टाका. एकच नाव दोनदा टाकलं तरी आत एकदाच ऱ्हातं. बास, एवढंच त्याचं काम."

एवढ्याशा कामापायी माणूस किती घाबरू शकतो, हे मी सात वर्षं पाहतोय. "कोण वापरतंय ते दिसत न्हाई ना," हे त्यांचं पालुपद. सेट एखाद्या दवाखान्यात लागला असेल, धरणाच्या दरवाजांना लागला असेल, जर्मनीत कुठं लागला असेल. टीव्हीवर विमानं रखडल्याची बातमी आली की आप्पा आवाज वाढवतात आणि विमान कंपनीनं धुक्याचं कारण दिल्याशिवाय ताटावर बसत नाहीत.

गेल्या वर्षी संकट आलं. कॉम्प्युटरच्या ज्या भाषेत सेट लिहिलाय तिचीच नवी आवृत्ती निघाली आणि जुना सेट तिच्यावर चालेना. आप्पांनी उन्हाळाभर बसून आतली मांडणी नव्यानं लिहिली. सेट पूर्वीपेक्षा वेगानं पळू लागला, पण एक गोची झाली. जुन्यात नावं ज्या क्रमानं टाकावीत त्याच क्रमानं बाहेर येत. कुणी तसं ठरवलं नव्हतं, आपोआप होत होतं. नव्यात क्रम विस्कटणार होता. अर्थात सोबतच्या माहितीत आप्पांनी पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलं होतं की क्रमावर कुणी विसंबू नये.

"मग झालं की," मी म्हणालो.

"लिवलंय व्हय. वाचलंय का कुणी?"

या एका शंकेवर दोन महिने गेले. आप्पा चपला काढत, बटणावर बोट ठेवत, पुन्हा चपला घालत. अखेर एका रविवारी सकाळी बटण दाबलं गेलं. लाल काही आलं नाही.

पहिला आठवडा ते तक्रारीच्या धास्तीत होते. फोन वाजला तरी दचकायचे. दुसऱ्या आठवड्यात वेगळीच भीती शिरली. कंपनीच्या बसमध्ये खिडकीबाहेर बघत म्हणाले, "डाउनलोडचा आकडा दिसतो, पण उतरवून घेणाऱ्या नुसत्या मशिनीबी आसत्यात. इतक्या वर्षांत एक तक्रार न्हाई. पल्याड वापरणारा कुणी माणूसच नसंल तर?"

रांजणगाव येईपर्यंत आम्ही दोघंही ऊस बघत बसलो.

तिसऱ्या आठवड्यात तक्रार आली. जर्मनीहून नव्हे, दौंडहून. एक छापखानेवाला. लग्नपत्रिकेतली निमंत्रकांची नावं त्याच्याकडे चार घरांतून येत. कुणाचं नाव दोनदा छापलं जाऊ नये म्हणून त्यानं कुणाकडून तरी आप्पांचा सेट बसवून घेतला होता. आता आमच्या भागात निमंत्रकांचा क्रम दोन्हीकडच्या माणसांनी बैठका घेऊन ठरवलेला असतो. ग्रामपंचायतीचं उपसरपंचपद त्यामानानं सहज ठरतं. त्याच्याकडे आपोआप येऊन बसलेल्या नव्या सेटनं नवरीच्या थोरल्या चुलत्याला तळाला नेलं आणि कुणाच्या तरी मेहुण्याला सगळ्यांच्या वर बसवलं. पत्रिका छापून झाल्या. चुलत्यांनी निरोप धाडला, लग्नाला येणार नाही. आता नव्यानं छापायचं, तर सेट पुन्हा तेच करतोय.

आप्पा पांढरेफटक पडले. माहितीतल्या त्या ओळीकडे बोट दाखवून त्यांना सुटता आलं असतं. साहेबांनी तेच केलं असतं, तेही लेटरहेडवर. आप्पांनी रजा टाकली आणि दुपारपर्यंत सेटला क्रम पाळायला लावला. मिळवलेला वेग गेला. संध्याकाळी दौंडहून उत्तर आलं. पत्रिका जमली, चुलते लग्नाला येतायत, कधी इकडं आलात तर चहाला या.

या चहाला आप्पा जेवढे घाबरले तेवढे नव्या आवृत्तीला घाबरले नव्हते. "तुम्ही चला बरोबर," म्हणाले. "मी काय बोलू त्यांच्याशी?" पुढच्या रविवारी न्हावऱ्यावरून मोटारसायकल घातली. दौंडात छापखान्यासमोर आम्ही बराच वेळ उगाच रस्त्यापलीकडे उभे होतो.

आत शिरलो तर छापखानेवाल्यानं मानही वर केली नाही. "पत्रिका का फ्लेक्स?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "व्हिजिटिंग कार्ड," ते म्हणाले.

त्यानं कागद सरकवला. आप्पांनी नाव लिहिलं. त्यानं ते वाचलं, मशीन थांबवलं, खुर्चीवरचे गठ्ठे उचलून खाली ठेवले आणि खुर्ची रुमालानं पुसली. "सेट तुमचाच व्हय? आवो, आधी सांगायचं न्हाई का?"

आप्पा खुर्चीच्या कडेवर बसले. चहा आला. अर्धा चहा संपल्यावर त्यांनी विचारलं, "आता समदं चालतंय ना?"

"एकदम बेस्ट. कायसुदिक अडचण न्हाई."

आप्पांनी मान हलवली. चेहरा उतरला होता. कप खाली ठेवून, खुर्ची त्याच्या कॉम्प्युटरकडे थोडी सरकवून ते हळूच म्हणाले, "नीट आठवा. बारीकसारीक काय तरी आसंलच की."