लोण्यासारखा बोल्ट

गेणबाच्या घरी बंदुकीचा परवाना आला, तेव्हा रानडुकरं त्याच्या भुईमुगात होती. कागद देऊन शिपाई सायकलवर टांग मारतो न मारतो, तोच म्हाळसा रानातून ओरडत आली.

"आवं, आणखी चार सऱ्या उकरल्या मेल्यांनी! आता तरी उठा!"

गेणबा उठला, पण रानाकडं गेला नाही. त्यानं पटका बांधला, परवाना कोपरीच्या खिशात घातला आणि म्हणाला, "वडगावला जाऊन येतो."

"वडगावला? डुकरं हितं हायती!"

"डुकरं हितं हायती, पर बंदूक कुठली घ्यायची ते इचारायला नको का?"

लासुर्ण्याच्या गेणबाचा हा स्वभावच होता. दहा जणांचं मत घेतल्याशिवाय तो धोतरजोडीसुद्धा घेत नसे. मागं एकदा त्याची दाढ दुखत होती. ती काढावी की राहू द्यावी, यावर त्यानं इतक्या लोकांची मतं गोळा केली की मधल्या काळात दाढ आपणहून पडून गेली.

त्या वर्षी, म्हणजे चौपन्न साली, पुण्याच्या एका दुकानात विलायती बोल्टाची रायफल स्वस्तात मिळते, अशी बातमी बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत फिरत होती. दांडी मागं ओढायची, गोळी आत घालायची, दांडी पुढं ढकलायची आणि चाप ओढायचा. ही दांडी म्हणजेच बोल्ट. असली रायफल घेतलेले तिघेजण त्या भागात होते आणि तिघंही वजनदार. गेणबानं तिघांचंही मत घ्यायचं ठरवलं.

वडगाव निंबाळकरचे महिपतराव सोप्यावर लोडाला टेकून बसले होते. त्यांच्या डोक्यावर खुंटीला मखमली गवसणीत रायफल लटकत होती.

"बोलट कसा चालतो, राव?" गेणबानं विचारलं.

"लोणी!" महिपतराव डोळे मिटून म्हणाले. "निव्वळ लोणी. बोट लावलं की मागं."

"जरा बघू का?"

"आज नगं. आज शनवार हाय. शनवारी मी तिला हात लावत न्हाय."

तिथून गेणबा यष्टीनं बारामतीला रमाकांत वकिलांकडं गेला. वकिलांनी चष्मा पुसला. "या रायफलीविषयी दोन मतं असूच शकत नाहीत. आजवर एकही तक्रार कुठं दाखल नाही. बोल्ट तर लोण्यासारखा."

"किती डुकरं पाडली, वकीलसायब?"

"आकड्यांत मी शिरत नाही," वकील म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पक्षकाराला हाक मारली.

इंदापूरचे कुंडलिकतात्या फौजेतून हवालदार म्हणून परतलेले. त्यांच्या मिशांकडं बघूनच गेणबाला धीर आला. "ही रायफल बर्म्यात आमच्या हातात असती," तात्या गरजले, "तर जपानी पंधरा दिवस आधी पळाला असता. बोलट? मस्का!"

दोघांनी लोणी म्हटलं, एकानं मस्का म्हटलं. गेणबाची खात्री पटली. तो पुण्याला गेला. दुकानदारानं एकदाच बोल्ट खट्‌खट् मागंपुढं करून दाखवला आणि गेणबा रायफल घेऊन परतला. यष्टीत कंडक्टरनं त्याला उठून आपली जागा दिली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याला 'बसा, पाटील' म्हणालं होतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. म्हाळसानं नांगर, कुळव, खुरपी यांच्या ओळीत रायफल ठेवली, झेंडूची माळ घातली आणि बोल्टावर हळदीकुंकवाची चांगली चिमूट सोडली. आरती झाली. सारी आळी बघत होती. गेणबानं रुबाबात रायफल उचलली आणि दांडी मागं ओढली.

दांडी हलली नाही.

"अजून मुहूर्त न्हाय," असं पुटपुटून गेणबानं रायफल आत नेली. दार लावून त्यानं कुंकू झाडलं. मग शेंगदाण्याचं तेल सोडलं. मग रायफल उन्हात ठेवली. शेवटी म्हाळसानं नळी धरली, गेणबानं खांबाला पाय लावून दांडी धरली, आणि नवराबायको घामाघूम होईस्तोवर ओढत राहिले.

"परत द्या त्या दुकानदाराला," म्हाळसा खाली बसत म्हणाली.

"अगं, तिघांच्या उघडत्यात. वकिलाची उघडती. म्हंजे खोट रायफलीत न्हाय, माझ्या हातात हाय. हे बोलायचं कुणाजवळ?"

बोलायचं कुणाजवळच नव्हतं, पण डुकरं मात्र रोज येत होती. तिसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या सुमाराला गेणबा रायफल आणि ढेकळं फोडायची लाकडी मोगरी घेऊन बांधावर जाऊन बसला. रायफल अर्थातच रिकामी होती. दांडीच उघडत नव्हती, तर गोळी जाणार कुठून? उसातून डुकरं निघाली आणि नेमकी भुईमुगात शिरली. गेणबानं दांडी ओढली. ती ढिम्म. तो चिडला. त्यानं मोगरी उचलली आणि दांडीवर हाणली. ठाक्!

कालव्याच्या भिंतीवर आपटून तो आवाज दुप्पट होऊन परतला. डुकरांनी माना वर केल्या. गेणबानं आणखी तीन हाणल्या. डुकरं शेपट्या ताठ करून उसात पसार झाली.

सकाळी शेजारचा सोपान धावत आला. "गेणबा, लागोपाठ चार बार! काय रायफल हाय लेका! कसा काय हाय बोलट?"

गेणबानं तोंड उघडलं. खरं सांगायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सोपानच्या डोळ्यांत त्याला ती यष्टीतली जागा दिसली.

"लोणी," तो म्हणाला.

पंधरा दिवस गेणबा रोज पहाटे मोगरी हाणत होता आणि गाव बार मोजत होतं. डुकरं भुईमुगाकडं फिरकेनाशी झाली. बातमी कुठून कुठं पोचली, आणि एक दिवस वरच्या कचेरीतून निरोप आला. शेतकऱ्यांना ही स्वस्त रायफल घ्यायची शिफारस करावी का, हे ठरवायला एक साहेब येणार होते. हाकारे घालून उसातली डुकरं बाहेर काढायची, चारही मालकांनी प्रात्यक्षिक दाखवायचं आणि मग साहेब त्यांची मतं फॉर्मावर उतरवून घेणार.

निरोप ऐकून गेणबानं मोगरी मांडीवर घेतली. "आता माझी एकट्याचीच अब्रू जाणार," तो म्हाळसाला म्हणाला. "तिघं धडाधड उडवतील आन् मी मोगरी घिऊन बसतो."

रविवारी सकाळी सगळं गाव बांधावर जमलं. साहेब जीपमधून उतरले आणि मजबूत फांदी बघून आंब्यावर चढले. खाली चारही मालक ओळीनं बसले. महिपतरावांनी गवसणी काढली, वकिलांनी चष्मा पुसला, तात्यांनी मिशा पिळल्या. गेणबानं मोगरी घोंगडीखाली दडवली. पलीकडून पोरांनी पत्रे बडवायला सुरुवात केली आणि उसातून पहिलं डुक्कर बाहेर पडलं.

"हाणा, महिपतराव," तात्या पुटपुटले. "मान तुमचा."

"छ्या! तुमी फौजी माणूस. आधी तुमी."

"फौजेत एक नेम हाय. पयली गोळी शिविलियनची. वकीलसायब, उडवा."

"यजमान असताना मी कसा उडवणार?" वकील म्हणाले. "गेणबा, तुमचं गाव आहे."

"पावण्यांच्या आधी?" गेणबा कळवळून म्हणाला. "माझ्या हातनं असं पाप व्हायचं न्हाय."

ही आर्जवं चालू असताना समोरून नऊ डुकरं एकामागोमाग एक, पिलांसकट, वरातीसारखी निघून गेली. एकाही रायफलीची दांडी हलली नाही. वरातीतलं सगळ्यात पुढचं डुक्कर वळलं आणि सरळ गेणबाच्या भुईमुगात शिरलं. ते बघितल्यावर मात्र गेणबाला अब्रूचं भान राहिलं नाही. त्यानं घोंगडी फेकली, मोगरी उचलली आणि दांडीवर हाणायला सुरुवात केली. ठाक्! ठाक्! ठाक्! डुकरं उधळली आणि आंब्याखालून, साहेबांच्या लोंबत्या बुटांना घासून, कालव्याकडं पळाली.

तिघंही मालक मोगरीकडं टक लावून बघत होते. गेणबानं मान खाली घातली.

मग महिपतराव हळूच जवळ सरकले. "गेणबा, ही कशाची? बाभळीची का?"

"व्हय."

"मी वरवंट्यानं हाणतोय सहा म्हयनं झालं. वरवंट्याचा टवका उडाला."

"मी दगुड वापरतो," तात्या म्हणाले.

वकील इकडं तिकडं बघून कुजबुजले, "मी कायद्याचा जाड ग्रंथ वापरून पाहिला. ग्रंथाची बांधणी सुटली."

गेणबानं मोगरी खाली ठेवली. "आवं, मग मला लोणी का सांगितलंत?"

"मला वकिलांनी सांगितलं," महिपतराव म्हणाले. वकिलांना तात्यांनी सांगितलं होतं, आणि तात्यांनी महिपतरावांचं ऐकून रायफल घेतली होती.

एवढ्यात साहेब उतरून फॉर्म घेऊन आले. तिघांनी पटापट सह्या केल्या आणि 'उत्कृष्ट' सांगून टाकलं. गेणबानं मात्र ठरवलं, आता खोटं नाही.

"सायब, बोलट अडकतोय. उघडतच न्हाय."

साहेबांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत बघितला. "बोल्टासाठी रकाना नाही हो. मी विचारतो तेवढंच सांगा. रायफल घेतल्यापासून पिकाची नासाडी थांबली?"

"थांबली, पर..."

"जनावरं पळतात?"

"पळत्यात."

"अपघात?"

"कसला व्हनार?"

"काडतुसं किती लागली?"

"एकबी न्हाय."

साहेबांची लेखणी थांबली. त्यांनी गेणबाकडं आदरानं बघितलं आणि पुटपुटत लिहिलं, "एकही काडतूस खर्च न होता संपूर्ण पीक-संरक्षण."

शिफारस मंजूर झाली. मग लासुर्ण्यात गेणबाचं मत घ्यायला लांबलांबून माणसं येऊ लागली. गेणबा प्रत्येकाला चहा पाजायचा आणि शपथेवर सांगायचा, "घिऊ नका. अडकती." येणारा माणूस हसायचा. "समजलं, पाटील. आपल्यासारखी दुसऱ्याकडं नसावी, असंच न्हवं?" आणि तिथून तो थेट पुण्याची गाडी धरायचा. संक्रांतीपर्यंत दोन्ही तालुक्यांत अकरा नव्या रायफली आल्या. बाजारात, लग्नात, यष्टीच्या थांब्यावर, जिथं भेटेल तिथं गेणबा मालकांना विचारायचा, "कसा हाय बोलट?" अकराच्या अकरा जणांचं मत एकच पडलं.

एका दुपारी म्हाळसा भाकरी घेऊन रानात गेली. बघते तर गेणबा बाभळीच्या बुंध्याला पाय लावून, तोंड लालबुंद करून दांडी ओढत होता.

"आता आणि काय झालं?" तिनं पाटी खाली ठेवत विचारलं.

"न्हाय, म्हणलं," गेणबा धापा टाकत म्हणाला, "अकरा लोक कशाला खोटं बोलतील? तू जरा नळी धर."